वावर दिले, हक्कही सांगा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. भावावर बोलूच, ती लढाई काही संपलेली नाही. पण सकाळी मंडपात शिरताना एक गोष्ट दिसली आणि बोलण्याचा क्रम बदलावा असे वाटले. पुढच्या सतरंजीवर ज्यांच्या नावावर सातबारा आहे ते बसले आहेत. मागे, खांबाला टेकून, दुसऱ्याचे वावर ठेक्याने किंवा बटईने करणारे बसले आहेत. त्यांना मागे बसा असे कोणी सांगितले नाही. ते आपणहून मागे बसले. का बसले, त्याचाच आज विचार करू.

आम्ही आत्ताच विचारले की दुसऱ्याचे वावर कोण कोण करतो. बरेच हात वर झाले. मग विचारले, ठेक्याची पावती किंवा चिठ्ठी कोणाजवळ आहे. एकही हात वर झाला नाही. वरोऱ्यापासून राजुऱ्यापर्यंत आणि पलीकडे चामोर्शी-अहेरीपर्यंत कुठेही विचारा, चित्र फारसे वेगळे दिसायचे नाही.

पुराचे पैसे कुणाचे?

वर्धा नदीकाठच्या एका गावची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, कारण दोन्ही माणसे आपलीच आहेत. एका कास्तकाराने ५ एकर वावर एकरी ९ हजार रुपयांनी ठेक्याने घेतले. पाडव्याला सौदा झाला, ४५ हजार रोख मोजले. पऱ्हाटी लावली, मध्ये तुरीच्या ओळी टाकल्या. २०२२ च्या पावसाळ्यात पूर आला आणि आठवडाभर पाणी वावरात उभे राहिले. पऱ्हाटी पिवळी पडली आणि जागेवर सडली. बियाणे, खत, डवरणी, निंदण सगळे पाण्यात गेले.

त्या वर्षी सरकारने कोरडवाहू पिकाला हेक्टरी १३ हजार ६०० रुपये मदत दिली. ५ एकर म्हणजे २ हेक्टर, म्हणजे २७ हजार २०० रुपये. पैसे आले, पण ज्याच्या नावावर सातबारा होता त्याच्या खात्यात. तो नागपूरला नोकरीला. ज्याचे पीक गेले त्याला पैसे आल्याची बातमीही नव्हती. त्याला ती सहा महिन्यांनी शेजाऱ्याकडून कळली.

आम्ही त्याला म्हटले, मागितले का नाहीस? तो म्हणाला, "भाऊ, वावर त्याचं, सातबारा त्याचा. मी कोन मागनारा?"

मग आम्ही मालकाला फोन केला. वाटले होते भांडण होईल. तो म्हणाला, "मला वाटलं जमीन खरडली म्हणून सरकारने दिले. पिकाचे असतील हे डोक्यातच आलं नाही. त्यानेही कधी विषय काढला नाही." मालकाने ती रक्कम पुढच्या वर्षीच्या ठेक्यातून वळती केली. दोघांपैकी कोणी लबाड नव्हते. एकाने सांगितले नाही, दुसऱ्याने विचारले नाही, आणि सहा महिने एका घराची चूल उसनवारीवर चालली. असे प्रत्येक गावात होते. बहुतेक ठिकाणी मधे फोन करणारा कोणी नसतो, म्हणून पैसे परतही येत नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्याच्या हातात कागद आहे त्याने सांगायचे. वावर देताना त्या वावरातले हक्कही समोरच्याला सांगणे हे देणाऱ्याचे काम आहे. नोटीस तहसीलमध्ये लावली, शासन निर्णय निघाला, यावर भागत नाही. ठेकेदार तहसीलच्या फळ्याकडे जात नाही, तो मालकाच्या ओट्यावर जातो. सांगायची जागा तो ओटा आहे.

एकदा हे होऊन गेले आहे

तरुण मंडळींना हे माहीत नसेल, म्हणून थोडे मागे जाऊ. आपला चांदा जिल्हा मालगुजारी आणि जमीनदारीचा. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेश सरकारच्या कायद्याने मालगुजारी संपली. विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर १९५८ साली विदर्भासाठी वेगळा कुळकायदा झाला. पश्चिम महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला होता. आपल्याकडे पहिली तारीख १ एप्रिल १९६१ होती आणि पुढचा टप्पा १ एप्रिल १९६३ चा. त्या तारखांना कायद्यात बसणारी कुळे जमिनीची मालक झाली. राजुऱ्याचे वेगळे. तो तालुका हैदराबाद संस्थानचा, १९५६ साली नांदेडात आला आणि १९५९ साली चांद्यात. त्यामुळे तिथल्या जुन्या जमिनींना हैदराबादचा १९५० चा कुळकायदा. संरक्षित कूळ हा शब्द तिकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून असतो.

कायदा चांगला होता. पण तो आला आहे हे आधी कोणाला कळले? ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत होते, ज्याचा वकील नागपुरात होता, त्याला. कुळाला कळेपर्यंत अनेक ठिकाणी कुळाने जमीन स्वखुशीने सोडलेली होती. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्यातल्या कुळकायद्याची पाहणी केली आणि १९५७ साली अहवाल छापला. त्यातही कायद्यानंतर कुळे स्वखुशीने जमिनी सोडत असल्याचे दिसले. पोट भरणारी जमीन माणूस स्वखुशीने कशी सोडेल? आपला हक्क काय हे त्याला ठाऊक नव्हते, आणि मालकाचा शब्द मोडायची सवय नव्हती.

कायदा करणाऱ्यांनाही हे दिसत होते. म्हणून त्यांनी अट घातली की कुळाने जमीन सोडायची तर ती लेखी सोडली पाहिजे आणि तहसीलदाराने त्याची खातरजमा केली पाहिजे. ओट्यावर बसून "सोडली" म्हटले तर ती सुटत नाही. खंड घेतला तर मालकाने लेखी पावती दिली पाहिजे. सरकारने दुष्काळात जमीन महसूल तहकूब किंवा माफ केला तर खंडातही तशी सूट दिली पाहिजे. खंडाशिवाय दुसरा हक्क, भेट, वेठ घेता कामा नये. या सगळ्या तरतुदी म्हणजे मालकाने कुळाला त्याचे स्थान लेखी सांगण्याच्याच रीती होत्या. पावती हातात पडली की कुळाला कळते, आपण कोणीतरी आहोत.

पण एक चूक राहिली. पावती न दिली तर नुकसान कुणाचे? कुळाचेच. पावती नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून हक्क नाही. न देणाऱ्याचे काही बिघडले नाही. म्हणून पावती देण्याची रीत गावातून उठून गेली, आणि आज आपल्या मंडपात एकही हात वर होत नाही.

आज काय लागू आहे ते ऐका

आता मागे बसलेल्यांनी नीट ऐकावे, आणि पुढे बसलेल्यांनी त्याहून नीट ऐकावे.

पहिली गोष्ट. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा, जो मालकाच्या घरचा माणूस नाही, मजुरीवरचा गडी नाही आणि गहाण घेऊन ताबा धरणारा नाही, त्याला कायदा कूळ मानतो. मजुरी रोख असो की धान्याची, तो गडी. पण पिकाच्या हिश्श्यावर राबणारा गडी ठरत नाही. बटईवाल्याला "हा आमचा सालदार" म्हणायची जी पद्धत आहे तिला कायद्यात आधार नाही.

दुसरी गोष्ट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४९ म्हणते की जमिनीत कोणताही हक्क मिळाला, मग तो कूळ म्हणून का असेना, तर त्याची खबर ३ महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची. ही खबर तोंडीही देता येते. आणि तलाठ्याने तिची लेखी पोच दिली पाहिजे. किती जणांना हे माहीत होते? तोंडी सांगितले तरी चालते आणि पोच मागता येते, एवढेच जरी आज घरी नेले तरी बैठकीचे सार्थक झाले.

तिसरी गोष्ट. अधिकार अभिलेखाच्या १९७१ च्या नियमांत नमुना १४ आहे. पीक पाहणीत वावरात नोंदीपेक्षा वेगळा माणूस कसताना आढळला तर त्याचे नाव त्यात घ्यायचे आणि तहसीलदाराने चौकशी करून निर्णय द्यायचा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. खातेदार बांधावर उभा राहून फोटो काढतो आणि आपल्या नावे पेरा नोंदवतो. पेरणारा बाजूला उभा असतो, फोटोत येऊ नये म्हणून.

चौथी गोष्ट, पीक विमा. कुळाने किंवा भाडेपट्टीने शेती करणाऱ्यालाही विमा घेता येतो, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला, कपाशीला विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आला. आता काय होते? हप्ता ठेकेदार भरतो, अर्ज मालकाच्या नावाने होतो, आणि भरपाई आली तर पुन्हा तीच पुराची गोष्ट.

पाचवी गोष्ट, कर्ज. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत तोंडी ठेक्याने आणि बटईने करणारे कास्तकार बसतात. ४ ते १० जणांचा संयुक्त देयता गट करून बँकेकडे जाता येते, ही योजना नाबार्डने अशा लोकांसाठीच आणली. शाखेत गेलात तर सातबारा मागतील. तेव्हा गटाची गोष्ट काढा, परत फिरू नका.

सहावी गोष्ट कोळसा पट्ट्यातल्यांसाठी. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब कोण, याच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबर कूळ, बटईदार आणि शेतमजूरही आहेत. संपादनाआधी ३ वर्षे तिथे काम करत असले आणि त्यांचे पोट त्यावर असले पाहिजे. वावर खाणीत गेले की मालकाला मोबदला मिळतो. तुम्ही ३ वर्षे ते वावर केले हे कशावरून सिद्ध करणार? तीन पावत्यांवरून. शंभर रुपयांच्या पावतीपुस्तकाची किंमत अशी असते.

सातवी गोष्ट कुळकायद्यात ज्यांच्या बापजाद्यांना जमीन मिळाली त्यांच्यासाठी. ती जमीन विकायला पूर्वी परवानगी लागायची. २०१४ साली कायदा बदलला. खरेदीला १० वर्षे झाली असतील तर आकारणीच्या ४० पट नजराणा भरला की परवानगी लागत नाही, घेणारा मात्र शेतकरी हवा. आकारणी १० रुपये असेल तर नजराणा ४०० रुपये. या ४०० रुपयांच्या कामासाठी दलालाला हजारो रुपये मोजणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

जिथे मालकच दुबळा

गडचिरोलीत आणि इकडे जिवती-कोरपन्यात गोष्ट उलटीही असते. तिथे जमीन गोंड किंवा कोलाम घराची आणि ठेक्याने घेणारा बाहेरचा, पैसेवाला. सातबारा आदिवासीच्या नावावर, पण कायदा ठाऊक आहे तो घेणाऱ्याला. महसूल संहितेचे कलम ३६-अ १९७४ पासून आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने ५ वर्षांपर्यंत भाड्याने घ्यायची तरी जिल्हाधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. त्याहून जास्त मुदतीला किंवा विकत घ्यायला राज्य सरकारची मान्यताही लागते. मंजुरीशिवाय पाच-दहा हजारांच्या उचलीवर वर्षानुवर्षे वावर धरून बसणारे आपल्यातही असतील. तिथे सांगण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. कायदा ज्याला ठाऊक, जोर ज्याच्याजवळ, त्याने आधी तोंड उघडावे. मालक आणि कूळ हे शब्द बाजूला ठेवले तर न्याय एवढाच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) गाव पाहा. त्यांनी गावात अभ्यासगट बसवले, कायदे स्वतः वाचले, आणि वनहक्क कायद्यात २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आले. कोणी येऊन सांगेल याची त्यांनी वाट पाहिली नाही.

मालकाची भीती

आता पुढच्या सतरंजीवरची कुजबूज आमच्यापर्यंत येते आहे. "पावती दिली आणि उद्या कूळ लागले तर?" हा प्रश्न आम्ही उडवून लावणार नाही, कारण तो आमच्याच घरात विचारला गेला आहे.

आमचे वडिलोपार्जित ७ एकर वावर आहे. आम्ही अकोल्याला कृषी पदवी घेतली, काही वर्षे नोकरी केली आणि मग चळवळीत आलो. वावर अकरा वर्षे गावातल्या एकाच घराने ठेक्याने केले. अकरा वर्षे आम्ही गावोगाव कर्जमुक्तीवर आणि भावावर भाषणे केली, आणि अकरा वर्षांत त्या घराला एकदाही पावती दिली नाही. कधी सुचलेही नाही. वर सांगितलेली पुराची गोष्ट घडल्यावर घरी येऊन डायरी उघडली, तेव्हा आमच्याही खात्यात एका वर्षीची मदतीची रक्कम सापडली. ती परत केली आणि त्या पाडव्याला पहिली पावती लिहिली. धाकट्या भावाने हात धरला. म्हणाला, "लोकांना शिकवता शिकवता घरचे सात एकर घालवाल." तो अजून नीट बोलत नाही.

भावाची भीती खोटी नाही. नव्या कुळालाही ठरावीक मुदतीत जमीन विकत मागण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि म्हणूनच मालक कागद करत नाही. आम्ही आमच्या ठेकेदाराला हेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मले तुमचं वावर नाई पाह्यजे. पीक माह्यं हाये, एवढं कोनी लिहून द्या." सगळेच असे म्हणतील असा आमचा दावा नाही. उद्या कोणी हक्क मागितला तर तो त्याला कायद्याने दिलेला असेल, आणि तो लपवून ठेवणे हा काही आपला बचाव नव्हे. आपले १० एकर, ५ एकर, त्यातले ३ ठेक्याने दिलेले, त्याच मालकाचा पोरगा दुसऱ्याचे ४ एकर घेऊन करतो. आपल्यात जमीनदार कोण आणि कूळ कोण, हे एकाच घरात ठरत नाही. म्हणून ही भीती कायद्यातच दूर झाली पाहिजे.

शहरात जे चालते ते वावरात का नाही

चंद्रपुरात खोली भाड्याने घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याचे कलम ५५ म्हणते की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. मालकाने ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरायचे, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. दहा बाय दहाच्या खोलीला हे संरक्षण आहे. ज्या वावरावर एका घराची वर्षभराची भाकर उभी आहे, तिथे मात्र कागद नसला की नुकसान कसणाऱ्याचे.

बाहेर देशात याच्याही पुढे गेले आहेत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात भाडे सुरू होण्याआधी घरमालकाने भाडेकरूला त्याच्या हक्कांचे माहितीपत्रक द्यायचे, असे कायद्यातच आहे. इंग्लंडमध्ये २०१५ साली नियम झाला की सरकारची माहितीपुस्तिका भाडेकरूला दिली नसेल तर विनाकारण घर रिकामे करण्याची नोटीस चालणार नाही. म्हणजे सांगितले नाही तर मालकाचाच हक्क अडायचा. असे असले की मालक न विसरता सांगतो.

शेतीत हे होत नाही असे म्हणू नका. पश्चिम बंगालमध्ये १९७८ साली ऑपरेशन बर्गा सुरू झाले. महसूल अधिकारी संध्याकाळी, मजुरीवरून लोक परत आल्यावर, गावात जाऊन बसले. बटईदारांना कायदा समजावून सांगितला, नावे सर्वांसमोर वाचली, हरकती ऐकल्या आणि दाखले दिले. वाद झाला तर तो बटईदार नाही हे मालकाने सिद्ध करायचे. १४ लाखांहून जास्त बटईदारांची नोंद झाली. बियाणे-खत बटईदाराचे असेल तर पिकाचे तीन हिस्से त्याचे, एक मालकाचा. जमिनीची मालकी मात्र मालकाचीच राहिली.

आंध्र प्रदेशाने २०११ साली ठेकेदार कास्तकारांना ओळखपत्र देणारा कायदा केला आणि २०१९ साली दुसरा. दुसऱ्यात ११ महिन्यांचे कार्ड आहे, मालकीला धक्का नाही, पण मालकाची सही लागते. सही अडली की कार्ड अडते. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणाने २०१८ साली रयतू बंधू योजनेत एकरी पैसे वाटले, ते मालकालाच. सिरोंचा-गोंडपिपरीच्या ज्यांची सोयरीक पलीकडे आहे त्यांनी विचारून पाहावे, ठेकेदाराच्या हाती काय लागले. मालकाच्या मर्जीवर टांगलेला हक्क किती टिकतो ते यावरून कळते.

मातीही हिशेब ठेवते

आम्ही मूळचे पीकशास्त्राचे विद्यार्थी, म्हणून वावराच्या बाजूनेही बोलतो. शेणखत टाकले तर ते एका हंगामात संपत नाही, दोन-तीन वर्षे जमिनीला पुरते. ज्याला पुढच्या पाडव्याला वावर आपल्याकडे राहील की नाही हे माहीत नाही, तो कशाला शेणखत टाकेल? तो बांध धरत नाही, नाली काढत नाही, ज्वारी-तुरीचा फेरपालट करत नाही. पऱ्हाटीवर पऱ्हाटी घेतो, कारण ठेक्याची रोकड तिच्यातूनच निघते.

गुलाबी बोंडअळीचे पाहा. २०१७ साली तिने विदर्भ झोडपला. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका, असे आम्ही सांगत फिरतो. ठेकेदार म्हणतो, "पाडव्यापर्यंतचे पैसे मोजले, चार बोंडे अजून निघतील." त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. पण त्या चार बोंडांत अळी राहते आणि पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात उडते. मालकाच्या वावरातही, शेजाऱ्याच्याही. तीन वर्षांचा लेखी ठेका असता तर त्याने जानेवारीत पऱ्हाटी काढून वखरणी केली असती. कागद नसल्याची किंमत सगळे शिवार भरते.

आपण काय करायचे

सरकारकडे आमच्या दोन मागण्या आहेत. कसणाऱ्याचे पीक, विमा, कर्ज आणि मदत यांवरचा हक्क आणि मालकाची मालकी, दोन्ही एकाच कायद्यात पक्की करा. नीती आयोगाने डॉ. टी. हक यांच्या समितीकडून २०१६ साली असा नमुना कायदा करून घेतला आहे, त्यावर बोला. आणि कलम ५५ चा न्याय वावरालाही लावा. लेखी देण्याची आणि हक्क सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर, कागद नसेल तर कसणाऱ्याचा शब्द खरा.

पण कायद्याची वाट पाहत बसायचे नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती अभियानात किती तरी कास्तकारांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्यासाठी कोणी कोर्टात ओढले नव्हते. आपण ते केले तर हेही करू शकतो.

येत्या पाडव्याला सौदा करताना, ठेक्याने वावर देणाऱ्या प्रत्येक सभासदाने पाच गोष्टी कराव्यात. मिळालेल्या रकमेची सही करून पावती द्यावी, गट क्रमांक आणि हंगाम लिहून. पिकाच्या नुकसानीची मदत आणि विमा भरपाई पीक करणाऱ्याची, हे त्याच कागदावर लिहावे. मदत खात्यात आली की आठ दिवसांत त्याला कळवावे. गटाने कर्ज मागितले तर वावर त्याच्याकडे असल्याची चिठ्ठी द्यावी. आणि आज सांगितलेले हक्क, आपल्या सोयीचे आणि गैरसोयीचे दोन्ही, त्याला ओट्यावर बसवून सांगावेत. ठेका घेणाऱ्या बायाही असतात, नवरा गेल्यावर वावर धरून ठेवणाऱ्या. त्यांना तर आधी सांगावे.

आणि मागे बसलेल्यांनो, तुम्हीही मागा. पावती मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही. दुकानात युरियाची पिशवी घेताना बिल मागता ना, तसेच.

पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही कापसाच्या भावावर बोलण्याआधी एकच विचारणार आहोत. पावती दिलेल्यांनी हात वर करा आणि पावती मिळालेल्यांनीही. दोन्हीकडची संख्या जुळते का ते आम्ही मोजू. आमचा हात त्यात असेल, आणि आमच्या वावराचा ठेकेदार पुढच्या सतरंजीवर आमच्या शेजारी बसेल.